लॅकरचे दोन हात

माझ्या ताईच्या दिरांचं वास घेणं हा एक पाहण्यासारखा कार्यक्रम आहे. सकाळचा चहा झाला की ते टोपी नीट करतात, कांद्याच्या चाळीचं दार उघडतात, उंबऱ्यात उभे राहून डोळे मिटतात आणि छाती भरेपर्यंत श्वास ओढतात. मग थांबतात. खरी कला त्या थांबण्यात आहे. अंगणात कुणी उभं असलं तर तेही नकळत श्वास धरतं. मी स्वतः धरलेला आहे, आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. शेवटी डोळे उघडतात आणि निकाल येतो. "राहू द्या." नाहीतर, "काढा."

मुंबईकर वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडच्या ह्या चाळीत माणसं राहत नाहीत, कांदे राहतात. जमिनीपासून वर उचललेली, लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची लांबट खोली. बाजूंनी आणि खालून वारा खेळता. उन्हाळ कांदा मे महिन्यापर्यंत तिच्यात भरायचा आणि भाव येईपर्यंत थांबायचं. किती थांबता येईल ते हवा ठरवते. फार कोरडी झाली तर कांदा सुकून वजनात मार खातो. दमट झाली तर कोंब फुटतो, सालीखाली काळ्या बुरशीची काजळी धरते, सड लागते, आणि सडका कांदा शेजाऱ्याला सोबत घेतल्याशिवाय जात नाही. म्हणून चाळीवर कुणाचं तरी नाक लागतं. निफाडजवळच्या त्या वाडीवर ते नाक दिरांचं.

दाजी होते तोवर हे नाक सल्लागार होतं. दाजी गेले आणि ते न्यायाधीश झालं. जमीन वाटलेली, चाळी दोन, शेजारीशेजारी, एक ताईची आणि एक त्यांची. पण निकाल दोन्ही चाळींचा त्याच दोन नाकपुड्यांतून यायचा. ताईने लागवड करावी, मजूर लावावेत, खत-पाणी-फवारणी सगळं बघावं, आणि कांदा चाळीत गेला की ओसरीवर बसून निकालाची वाट पाहावी.

मग एक वर्ष असं आलं की नाकाने ताईच्या चाळीला "काढा" म्हटलं आणि स्वतःच्या चाळीला "राहू द्या." ताईने कांदा काढला. लासलगावला लिलावात नेला, मिळेल त्या भावात दिला. कांदा काढताना तिने स्वतः बसून निवडला होता. सडका कांदा शोधूनही सापडत नव्हता. पुढे काही दिवसांतच भाव चढला आणि दिरांचे ट्रॅक्टर वाजतगाजत बाजाराला निघाले. ताई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते. लहानपणापासून वाटते.

त्या भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो. तिने ओवाळलं, मी खिशातून पाकीट काढलं, तर ताट हातात तसंच धरून ती म्हणाली, "ह्या वर्षी साडी नको."

"मग काय हवं?"

"चाळीत दमट किती आहे ते सांगणारं यंत्र करून दे. तू त्यातलाच ना?"

"अगं, बाजारात मिळतात की. हवं तर उद्या आणून देतो."

"बाजारातलं चालायचं नाही. भाऊजी म्हणतील, वहिनी, हे चिनी हाय, ह्याला काय कळतं. तू केलंस म्हटल्यावर तोंडावर बोलता यायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला असं काहीतरी हवंय, जे कुणाचा दीर नाही. पुढच्या वर्षी काढायचं का ठेवायचं, ते मी ठरवणार."

एवढंच होतं सगळं. तिला आकड्यांचं कौतुक नव्हतं. स्वतःच्या कांद्याला कधी हात लावायचा, हे तिला स्वतः ठरवायचं होतं.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझं आणि माझ्या भागीदाराचं एक वर्कशॉप आहे. आम्ही शेतातल्या मोटरींचे 'ऑटो' बनवतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारं खोकं, शेतकरी त्याला नुसतं ऑटो म्हणतात. आखणी माझी, बनवणं आणि विकणं भागीदाराचं. आम्ही दोघं कॉलेजपासूनचे. तो जन्माचा पंचवटीतला. त्याच्या बोलण्यात 'भो' हा शब्द श्वासासारखा येतो आणि बोलणं संपेपर्यंत समोरच्याला बोलता येत नाही.

बोर्डाचं काम मी हिवाळ्यात हातात घेतलं आणि खरं सांगतो, बऱ्याच वर्षांनी मजा आली. ऑटो म्हणजे तीच ती रिले, तेच ते ट्रान्सफॉर्मर. इथे यंत्राचा मेंदू, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या छोट्या पडद्यासकट मायक्रोकंट्रोलरचा तयार बोर्ड, विकत आणायचा होता. मला करायचा होता तो त्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा, काड्यापेटीएवढा एक बोर्ड. त्यावर एक सेन्सर, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि चार पिना. शाळेतलं पोरही करील इतकं सोपं. सेन्सर तुरीच्या डाळीपेक्षाही लहान, काळा, आणि त्याच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढं एक भोक. त्या भोकातून तो हवा चाखतो. हवेतला ओलावा आणि तापमान, दोन्ही सांगतो.

पहिला बोर्ड मी साफ चुकवला. सेन्सर छान मधोमध ठेवला, दिसायला देवघरातल्या देवासारखा. पण खालच्या मोठ्या बोर्डावर विजेचा दाब कमी करणारा एक भाग असतो, तो तापतो. त्याची ऊब वर लागली आणि तापलेल्या हवेत ओलावा कमी दिसतो, त्यामुळे गोदाकाठचं आमचं नाशिक त्या बोर्डाच्या मते राजस्थानात गेलं. दुसऱ्या खेपेला मी सेन्सर पार कडेला नेला आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी बोर्डाला फट कापली, म्हणजे तो एका अरुंद जिभेवर एकटा उभा राहिला आणि खालची ऊब तिथवर पोचेना. माझ्या त्या फटीवर मी इतका खूष होतो की बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली, "तुटलंय का?"

तपासणीसाठी मी घरची लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून घेतली. जाड मीठ थोड्या पाण्यात भिजवून त्याचा चिखल बरणीच्या तळाशी ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. काही तासांनी आतली हवा पंच्याहत्तर टक्के ओलाव्यावर येऊन थांबते. मिठाचा तो गुणच आहे. बोर्ड आत टांगला. आकडा चढत चढत चौऱ्याहत्तरवर गेला, पंच्याहत्तरला शिवला आणि तिथेच बसला. मी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले.

भागीदाराने पेढा तोंडात टाकून बोर्ड उलटासुलटा पाहिला. "चांगला हाय भो. पण उघडा दिसतोय."

"उघडाच असतो तो."

"हं," तो म्हणाला.

इथे आमच्या वर्कशॉपची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या दारातून कुठलाही बोर्ड लॅकर लावल्याशिवाय बाहेर पडत नाही. द्राक्षबागेतल्या फवारणीचे तुषार, विहिरीवरची ओल, मुंग्या, पाली, खोक्यात घर करणाऱ्या कुंभारमाश्या, ह्या सगळ्यांपासून ऑटो वाचवायचा तर बोर्डावर ब्रशने पारदर्शक लॅकरचा एक हात द्यावा लागतो. हे काम भागीदार कारागिरांना करू देत नाही, स्वतः करतो. आणि गिऱ्हाईक आलं की त्याचा खेळ सुरू होतो. दिंडोरीकडचे, निफाडकडचे बागाईतदार खुर्च्यांवर बसवायचे, चालू बोर्ड हातात धरायचा आणि तांब्यातलं पाणी त्यावर ओतायचं. लाल दिवा जळतच राहतो. "पाणी आपल्या बोर्डाला शिवत नाही," असं म्हणून तो तांब्या ठक्कन टेबलावर ठेवतो. लोक टाळ्या वाजवतात. मी ती नक्कल उत्तम करतो. करायचो, म्हणायला हवं.

उन्हाळ्यात ताईची चाळ भरायला आली त्याच सुमारास माझ्या मेहुणीच्या मुलीचं नागपूरला लग्न निघालं. मी आठवडाभर तिकडे. परतल्यावर भागीदार मिश्यांत हसत म्हणाला, "ताईंकडचं काम करून आलो भो. तुझा बोर्ड फिनिशिंग केला, डब्यात बसवला, डब्याला भोकं पाडली, मधल्या खांबाला ठोकला. बाहेरून फटीतून आकडा दिसतो. ताईंनी पुरणपोळी खिलवली. तू मात्र नागपुरात जळत होतास."

मला भरून आलं. खरंच आलं. माझ्या बहिणीचं काम म्हणून हा माणूस आपली दुकानदारी सोडून निफाडला गेला होता.

मग सकाळी ताईचे फोन सुरू झाले.

"एकोणसाठ आहे."

"छान."

दुसऱ्या दिवशी, "साठ आहे. आणि ऊन किती ते पण दाखवतंय रे. काल दुपारी अडतीस होतं."

दुपारी तापमान चढायचं, पहाटे उतरायचं. ओलावा मात्र साठाच्या आसपास शांत बसलेला. मी म्हटलं, "ताई, तुझी चाळ फार चांगली बांधलेली आहे. हवा कशी एकसारखी राहतेय बघ." ती इतकी खूष झाली की तिने तो आकडा दारावर खडूने लिहायला सुरुवात केली. दिरांना येता-जाता दिसेल असा. मोठ्ठा.

दिरांनी तो वाचला. टोपी काढली, पुन्हा घातली. "काय वहिनी, चाळीला शाळंत घातलं का?"

"हो," ताई म्हणाली, "पहिलीत आहे. अजून खोटं बोलायला शिकली नाही."

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी वर्कशॉपमध्ये उभ्याउभ्या टाळी वाजवली. दोघंही हसलो. गेल्या काही वर्षांत ती अशी हसलेली मला आठवत नव्हती.

श्रावणात झड लागली. दिवसचे दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना पोपडे, मिठाला पाणी. अशात एका सकाळी दीर ताईच्या चाळीपाशी थांबले. नेहमीसारखे डोळे मिटून, श्वास ओढून. ह्या वेळी मात्र मध्ये थांबले नाहीत.

"वहिनी, वास धरलाय. मधल्या अंगाला. काढा आजच."

"साठ आहे, भाऊजी."

"आकडा राहू द्या. मी सांगतो ना."

"गेल्या वर्षीही तुम्हीच सांगितलं होतं."

ते गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तेच म्हणाले. त्याच्याही दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा.

"पाव्हणं, तुम्ही जरा बहिणीला समजवा. माझं ऐकत नाय ती. चाळ बसंल सगळी."

"काय झालं भाऊसाहेब?"

"वास हाय. खोटं नाय बोलत. आईच्यान."

आणि मी, एवढा मोठा संवाद पुन्हा मिळणार नाही अशा आनंदात, एक एक शब्द चघळत म्हणालो, "गेल्या वर्षी नाक दुसरं होतं का?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "ठीक हाय," आणि फोन बंद. हा किस्सा मी पुढचे कित्येक दिवस सगळ्यांना सांगितला. भागीदाराला, बायकोला, पानवाल्याला. प्रत्येक वेळी शांतता थोडी लांबवत नेली.

झड उघडली, भाव चढायला लागला. ताईने ठरवलं, आता काढायचा. तिने स्वतः ठरवलं. मला मुद्दाम बोलावून घेतलं. निवडायला बायका आल्या, ट्रॅक्टर उभा राहिला. दारातले पहिले कांदे खणखणीत निघाले. ताई माझ्याकडे बघून हसली. मग बायका आत शिरल्या, आणि मधल्या थरात हात घातलेली एक बाई हात बाहेर काढून नुसती उभी राहिली. कोपरापर्यंत काळं पाणी.

मधली सगळी चाळ बसली होती. वरून कांदा दिसायचा, उचलला की बोटं आत जायची. पट्ट्यांच्या फटींतून पाणी गळून खालच्या मातीत मुरलं होतं. वास तर असा, की त्याला नाकाची गरज नव्हती, डोळ्यांनाच कळत होता. आणि मधल्या खांबावर माझा डबा. त्यावर आकडा. साठ.

दीर आले. मी मनात तयारी केली. आता हा माणूस बोलणार आणि मला ऐकावं लागणार. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, धोतर वर खोचलं, पाटी घेतली आणि बायकांच्या ओळीत बसून सडका कांदा वेगळा करायला लागले. दिवस मावळेपर्यंत. शिव्या दिल्या असत्या तर मला घरी जाऊन जेवता आलं असतं.

हातपाय धुऊन ओसरीवर चहा घेताना ते म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी एकच चाळ धरू. सगळा कांदा एकत्र. मी बघत जाईन. तुम्हाला कशाला ताप."

ताई कपात बघत म्हणाली, "बरं."

मी डबा काढून नाशिकला आणला. टेबलावर ठेवून झाकण उघडलं आणि दिव्याखाली धरला. बोर्ड चकाकत होता. पाकात घोळलेल्या चिरोट्यासारखा. चारी कडांना, पिनांना, माझ्या त्या लाडक्या फटीलासुद्धा, सगळीकडे जाड, गुळगुळीत लॅकर. आणि सेन्सरच्या पाठीवरच्या भोकावर लॅकरचा एक छान गोल थेंब, वाळलेला.

भागीदार शेजारच्या टेबलावर कनेक्टर लावत होता.

"ह्याला लॅकर लावलास?"

"मग?" त्याने मान वर केली. "ताईंचं काम भो. दोन हात दिलेत. ऑटोला मी एकच देतो."

"ह्या भोकावर?"

"तेच तर बुजवलं आधी. उघडं ठेवलं होतंस तू. चाळीतली दमट हवा सगळी आत शिरली असती."

मी बोर्ड त्याच्यासमोर दिव्याखाली धरला. आपण काय बोललो ते त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. ते त्याच्या चेहऱ्यावर उतरताना मी पाहिलं, आणि तो देखावा मी कुणाला करून दाखवत नाही.

"म्हणजे तो साठ..." तो म्हणाला.

"आपल्या वर्कशॉपचा. ज्या दिवशी लॅकर वाळलं त्या दिवसाचा. सेन्सरच्या आतल्या थरात तेवढाच ओलावा कोंडून राहिला."

"पण ऊन बरोबर दाखवत होता."

"ऊब लॅकरमधूनही जाते."

त्याने कनेक्टर खाली ठेवला. ब्रश, लॅकरचा डबा, तांब्या, सगळं समोर मांडलेलं होतं. तो ते आवरायला लागला आणि आवरलेलं पुन्हा मांडायला लागला. ओलावा मोजणाऱ्या यंत्राला त्याने ओलाव्यापासून वाचवलं होतं, मनापासून, दोन हात देऊन. अशा माणसाला कुठल्या तोंडाने बोलायचं?

तोच पुढच्या रविवारी माझ्यासोबत वाडीवर आला. ताईसमोर उभा राहून त्याने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ताईने त्याला बसायला पाट दिला. म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." दीर तिथेच होते. त्यांनी पहिल्यांदा नीट समजून घेतलं, भोक कुठे, लॅकर कसं, आणि मग मांडीवर हात मारून म्हणाले, "म्हंजे बिचाऱ्याच्या नाकात बोळा कोंबला आणि चाळीत नेऊन बसवला. सांग म्हणं वास!"

वाक्य उत्तम होतं. मला सुचायला हवं होतं. त्या ओसरीवर सगळ्यांत आधी ताईच हसली, तोंडाला पदर लावून, आणि ते हसू मला अजून आवडलेलं नाही.

मी गप्प बसणारा नव्हतो. हिवाळ्यात नवा बोर्ड केला. सेन्सरवर आधी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, मग बाकी बोर्डाला लॅकर द्यायचं, वाळलं की तुकडा ओढून काढायचा. भागीदाराने तो तुकडा स्वतःच्या हाताने लावला, इतक्या हळू, की जणू तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालतोय. बरणी घेऊन मी वाडीवर गेलो. ताईच्याच मिठाचा चिखल केला, तिच्यासमोर चुलीशेजारी ठेवला. आकडा चढला. बहात्तर, चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर.

"बघ," मी म्हटलं, "आता भोक उघडं आहे. बरणीत दमट आहे ते ह्याला कळतंय. तुझ्या चाळीत लावू?"

"माझी चाळ कुठे आहे आता," ती म्हणाली. "पत्रे काढले तिचे. गोठ्यावर घातले."

दीर दारात उभे राहून बरणी पाहत होते. जवळ आले, गुडघे टेकून बसले, आकडा जवळून पाहिला. "पाव्हणं, हे मात्र चांगलं हाय. मोबाईलवर येतं का हो?"

येतं. का येऊ नये? मायक्रोकंट्रोलरला इंटरनेटची जोडणी दिली की तो जगात कुठेही आकडा पाठवतो. मीच ती सोय ठेवली होती, ताईला रोज फटीत डोळा लावावा लागू नये म्हणून. मी विचारलं, "दोन्ही नंबर घालू ना? तुमचा आणि ताईचा?"

"वहिनींना कशाला? त्यांना चष्म्याबिगर दिसत नाय. मी सांगत जाईन की."

मी ताईकडे पाहिलं. ती भाकरी उलटत होती. "राहू दे," म्हणाली.

तो बोर्ड मी आजवर केलेल्या कामांतला सर्वांत चांगला आहे. एकत्र चाळीच्या मधल्या खांबावर बसलाय आणि सुरेख चालतो. शेजारच्या वाड्यांवरूनही मागणी येते. दीर त्याचे बिनपगारी विक्रेते झालेत. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरच्या रांगेत उभे राहून मोबाईल काढून लोकांना दाखवतात, "आमच्या पाव्हण्यांनी केलंय. नाक कशाला लागतं आता?"

ह्या पावसाळ्यात असाच एकदा वाडीवर गेलो होतो. सकाळपासून भुरभुर. दीर येवल्याला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते, चाळीला कुलूप, किल्ली त्यांच्या कमरेला. आता फटीतून आकडाही दिसत नाही. बॅटरी खातो म्हणून त्यांनी डब्यावरचा पडदाच काढायला लावला. ताई ओसरीवरून चाळीकडे बघत होती. अर्धा कांदा तिचा आहे आत.

"तुझा नंबर घालतो," मी म्हटलं. "बसल्या जागेवरून, मिनिटाचं काम. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"घालून काय होईल?"

"तुला कळेल, आत किती दमट आहे."

"कळेल. मग? काढा म्हणायचं तर त्यांनीच म्हणायचं ना? उगीच आकडा तेवढा पोटात घेऊन बसू का मी?" मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाली, "तू चांगलं केलंयस रे यंत्र. त्याचं काही नाही."

तिने दिरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. आम्ही चहा घेतला. पाऊस थोडा वाढला, चाळीच्या पत्र्यावर वाजायला लागला. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. मागे लाऊडस्पीकरवर गाणी चाललेली, मला इथवर ऐकू येत होती. ताईने मोबाईल कानापासून जरा लांब धरला.

"वहिनी, त्रेसष्ट हाय. काळजी नाय. आणि पाव्हणं आलेत ना? त्यांना जेवल्याबिगर सोडू नका."

"बरं, भाऊजी," ताई म्हणाली, आणि उठून पीठ मळायला गेली.